आठ दिवसांत गोरेपणा

लेखमाला : घरातली रसायनं – भाग सातवा

मागच्या आठवड्यात कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याबद्दल लिहिलं. 2001 साली तो बंद झाला आणि 2016 मध्ये कंपनीला 591 माजी कामगारांशी तडजोड करावी लागली. तो पारा डोंगरावरच्या कारखान्यातला होता. आज ज्या पाऱ्याबद्दल लिहायचं आहे, तो घरात आरशासमोरच्या फळीवर, एका छोट्या डबीत असतो.

2023 साली अकोल्यातल्या एका घराची बातमी आली होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका मुलीने पार्लरमधून एक क्रीम आणलं. तिचा रंग उजळला, ओळखीचे लोक कौतुकाने विचारू लागले, मग आई आणि बहीणही तेच क्रीम लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींच्याही किडन्यांना इजा झाल्याचं उघड झालं. तपास मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला आणि कारण त्या डबीतच सापडलं. त्यात पारा होता.

ही बातमी वाचताना मी एका गोष्टीपाशी थांबले. क्रीमने खरोखरच काम केलं होतं. गोरेपणाची क्रीमं म्हणजे नुसती पैसे उकळण्याची युक्ती, फार तर पैसे वाया जातील, असं आपण समजतो. पाऱ्याच्या क्रीमला हा हिशेब लागू पडत नाही. ते जाहिरातीत सांगितलेलं करून दाखवतं, म्हणून एका घरातून दुसऱ्या घरात जातं. मैत्रीण मैत्रिणीला सांगते, नणंद भावजयीला सांगते. त्याला जाहिरातीची गरजच उरत नाही.

ते काम कसं करतं, हे समजून घेऊ. आपल्या कातडीचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. ते तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एक विकर लागतं आणि त्या विकराच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. पाऱ्याचे क्षार कातडीत शिरले की पारा त्या तांब्याची जागा बळकावतो. विकर निकामी होतं, मेलॅनिन बनणं मंदावतं आणि रंग उतरतो. वापर थांबवला की रंग परत येतो, काही जणींना तर तो पहिल्यापेक्षा गडद झालेला दिसतो. मग दुसरी डबी आणली जाते.

पारा कातडीतच राहिला असता, तर गोष्ट इथेच संपली असती. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. शरीरात गेलेल्या पाऱ्यातला निम्मा बाहेर पडायलाच साधारण दोन महिने लागतात आणि लावणारी तर रोज सकाळ-संध्याकाळ लावत असते.

मूत्रपिंडात काय होतं, हे केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी फार नेमकेपणाने दाखवलं. किडनीच्या गाळणीच्या पडद्यावर प्रतिपिंडं साचून तो झिरपू लागणं, या विकाराला 'मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी' म्हणतात. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात त्यांच्याकडे याचे 22 रुग्ण आले. त्यातल्या 15 जणांच्या किडनीच्या तुकड्यात 'नेल-1' हे प्रथिन आढळलं. पाऱ्याचा अंश असलेली पारंपरिक औषधं घेणाऱ्यांमध्येही हेच प्रथिन पूर्वी दिसलेलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाचं क्रीम लावत असल्याचं कबूल केलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. एका रुग्णाच्या मेंदूतल्या शिरेत मात्र रक्ताची गुठळी झाली होती. रक्तातलं प्रथिन लघवीवाटे निघून गेलं की अंगावर सूज येते आणि गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो. हे सगळं डॉ. रणजित नारायणन, डॉ. सजीश शिवदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात मांडलं आहे.

'नेल-1' ची चाचणी अलीकडची आहे. क्रीममुळे किडनी जाते, हे ज्ञान मात्र जुनं आहे. 1972 साली नैरोबीतल्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निरीक्षण छापलं होतं. अंगावर सूज आणि लघवीतून प्रथिन जाणं, अशा तक्रारी असलेले 60 प्रौढ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातले निम्म्याहून अधिक जण पाऱ्याची क्रीमं लावत होते आणि ती थांबवल्यावर त्यातल्या अनेकांची प्रकृती सुधारली. पुढे युरोपने आपल्या बाजारात पाऱ्याच्या साबणाला बंदी केली, पण आफ्रिकेला तो निर्यात करणं कितीतरी वर्षं चालूच ठेवलं. आपल्या लेकीबाळींसाठी जे विष, ते दुसऱ्यांच्या लेकीबाळींसाठी माल. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. नैरोबी ते कोट्टक्कल हे अंतर पन्नास वर्षांचं आहे. त्या पन्नास वर्षांत जितक्या बायकांच्या किडन्या गेल्या, त्या अज्ञानापोटी गेल्या असं म्हणता येणार नाही.

कायदा आहे का? आहे. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची प्रसाधनं वगळता, नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. यालाच 1 पीपीएम म्हणतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2014 मध्ये बाजारातली 32 गोरेपणाची क्रीमं आपल्या प्रयोगशाळेत तपासली. 14 क्रीमांमध्ये पारा निघाला आणि सर्वांत जास्त प्रमाण 1.97 पीपीएम होतं. नावाजलेल्या दुकानांत मिळणाऱ्या मालाची ही गोष्ट. खरा अंधार दुसरीकडे आहे. झिरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाने 22 देशांतली 338 क्रीमं तपासली, तेव्हा 34 मध्ये मर्यादेपेक्षा जास्त पारा सापडला आणि एकात तर तो 16 हजार पीपीएमच्या वर होता. 30 ग्रॅमची डबी धरली, तर तिच्यात जवळजवळ अर्धा ग्रॅम पारा झाला.

अशी डबी कटलरीच्या दुकानात, पार्लरमध्ये, परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगेत आणि मोबाइलवरच्या दुकानांत मिळते. एका ठिकाणाहून काढून टाकली, तरी दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने परत दिसते. बऱ्याचदा तिच्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नसतो, परवाना क्रमांक नसतो, घटकांची यादी नसते. 'लेबल वाचून घ्या' हा सल्ला मी या लेखमालेत आधी दिला आहे. इथे तो अपुरा पडतो, कारण वाचायला लेबलच नाही. यादी असलीच, तर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी, मर्क्युरिक आयोडाइड हे शब्द शोधा. ही सगळी पाऱ्याचीच नावं आहेत. आणखी एक खूण आहे. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना काही डब्यांवर असते. पारा सोन्याशी मिसळतो आणि त्याचा रंग पालटतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही सोनाराला ठाऊक आहे. मंगळसूत्राला जे चालत नाही, ते गळ्याच्या कातडीला कसं चालेल?

घरातल्या बाकीच्यांचाही विचार करायला हवा. क्रीम लावलेला चेहरा उशीला, टॉवेलला, कडेवरच्या बाळाच्या गालाला लागतो. पाऱ्याची वाफही होते, त्यामुळे ज्यांनी बोटही लावलेलं नाही, त्यांच्या अंगात तो जाऊ शकतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंतही तो पोचतो.

बायकांनी मोहात पडू नये, असं म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. ज्या समाजात वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जावर रंगाचा रकाना असतो, तिथे गव्हाळ आणि सावळ्यातल्या फरकासाठी एखादी मुलगी पाचशे रुपये खर्च करते, यात तिचा दोष किती? चेन्नईच्या कविता इमॅन्युएल यांनी 2009 मध्ये 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू केली, पुढे अभिनेत्री नंदिता दास तिच्यात उतरल्या, त्या या रकान्याविरुद्धच. तो रकाना पुसणं ही आपली कामगिरी आहे. डबी बाजारातून काढणं ही सरकारची.

ती कामगिरी आता टाळण्यासारखी राहिलेली नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 मध्ये जिनिव्हाला झालेल्या परिषदेत सदस्य देशांनी 1 पीपीएमची सूटही काढून टाकली. पारा घातलेल्या प्रसाधनांचं उत्पादन, आयात आणि निर्यात 2025 पर्यंत पूर्ण थांबवायची, असं ठरलं. दिल्लीची टॉक्सिक्स लिंक आणि तिच्यासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं बाजारातून डब्या विकत घेऊन, तपासून, आकडे समोर ठेवले, त्याचं हे फळ आहे. आता अन्न व औषध प्रशासनाने पार्लरं आणि कटलरीच्या दुकानांतून नमुने उचलायला हवेत, आणि निकाल त्या-त्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत नावानिशी छापून यायला हवेत.

तोवर एवढं करा. कुठल्याही क्रीमने आठ-पंधरा दिवसांत रंग उजळला, तर ते त्याच दिवशी थांबवा. लघवीला फेस येत असेल, सकाळी पापण्या किंवा पाय सुजत असतील, तर लघवीतल्या प्रथिनाची साधी तपासणी करून घ्या. डॉक्टर विचारणार नाहीत कदाचित, म्हणून चेहऱ्याला काय लावता ते आपणहून सांगा. डबी कचऱ्यात टाकू नका. झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ती डॉक्टरांकडे न्या. आणि ज्या पार्लरवाल्या ताईने ती दिली, तिच्याशी भांडण्याआधी तिलाही तपासणी करायला सांगा. तिचे हात दिवसभर त्याच क्रीममध्ये असतात.