पुन्हां पुन्हां विझणारा गीझर

बीड जिल्ह्यांतील नारायणगडाला भाविक लोक धाकटी पंढरी म्हणतात. गेल्या मार्गशीर्षांत गडावर दर्शनास जाण्याच्या निमित्तानें त्या बाजूच्या एका स्नेह्यांच्या घरीं माझा दोन दिवस मुक्काम होता. पहांटे मीं न्हाणीघरांतील नळ सोडला. भिंतीवरच्या गॅसच्या गीझरनें टक्‌टक् केलें, निळी ज्योत पेटली, बादलींत कढत पाणी पडूं लागलें. आणि अंगाला साबण लावतों न लावतों तोंच ज्योत विझली. थोड्या वेळानें ती आपोआप पेटली आणि पुन्हां विझली. बाहेरून यजमान म्हणाले, "त्याची ती खोडच आहे. उद्यां मिस्त्री येऊन आंतला खटका काढून टाकणार आहे. मग विझायचा नाहीं." तें ऐकून मला थंडीपेक्षां अधिक कांपरें भरलें. आजचें भाषण त्या खटक्याविषयीं आहे.

प्रथम ह्या यंत्राची रचना पाहूं. ह्यांत पाणी सांठवून ठेवलेलें नसतें. नळ सोडला म्हणजे वाहत्या पाण्याचा दाब आंतील रबरी पडद्यावर पडतो, पडदा सरकून गॅसची वाट मोकळी होते, दोन सेलांच्या विजेनें ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. वर तांब्याच्या नळीचीं वेटोळीं असतात. त्यांतून जातां जातां पाणी तापतें. ज्योतीशेजारीं एक बारीक कांडी असते. ज्योत लागली नाहीं असें तिला आढळलें कीं गॅस बंद होतो. शिवाय उष्णतेचा एक खटका असतो. नळी फाजील तापली कीं तो गॅस तोडतो, आणि अनेक यंत्रांत ती निवल्यावर पुन्हां जोडतो. थंड देशांत सबंध घर उबदार ठेवण्यासाठीं गॅसची भट्टी असते. तिच्या हवेची जाळी धुळीनें बुजली म्हणजे तीहि अशीच पेटत-विझत राहते, आणि त्याचें कारणहि असाच एक खटका असतो.

तेव्हां गीझर विझतो एवढें सांगून भागत नाहीं. तो केव्हां विझतो हें घड्याळ लावून पाहावें.

ठिणगीच पडत नसेल किंवा टक्‌टक् क्षीण असेल, तर सेल संपले आहेत. दोन्ही एकदम बदलावे. ज्योत लागून चार-सहा सेकंदांत जात असेल, तर सेल तरी दुबळे आहेत, किंवा त्या बारीक कांडीवर काजळी धरली आहे. दुसरा नळ उघडतांच ज्योत जात असेल, तर पाण्याचा दाब अपुरा आहे. पाणी दहा मीटर उंचीवरून आलें तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम दाब मिळतो. टाकी गीझरपेक्षां दोनच मीटर उंच असेल तर त्याचा पांचवा हिस्सा. वरच्या मजल्यावरील गीझर अधिक रुसतात तो ह्यामुळेंच. पाणी आंत येतें तेथील जाळींत अडकलेला गाळहि पाहावा.

पहांटेच्या कडाक्यांत, विशेषतः सिलिंडर संपत आला असतां, ज्योत मुळांतच बारीक राहते. आंतील द्रवाचा गॅस होण्यास उष्णता लागते, आणि ह्या इंधनांतील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतें. थंड सिलिंडर पुरेसा गॅस देऊं शकत नाहीं. म्हणून सिलिंडर आडवा करणें किंवा त्यावर कढत पाणी ओतणें हे उपाय मात्र कदापि करूं नयेत. बरोबर विसाव्या मिनिटाला गीझर बंद होत असेल तर तो बिघाडच नव्हे. पुष्कळ यंत्रांत तशी मुदत मुद्दाम घातलेली असते.

आमच्या यजमानांचा गीझर तीन-चार मिनिटांनीं विझे आणि निवल्यावर पेटे. विंधन-विहिरीचें पाणी जड. त्यांतील क्षार तापल्यावर नळीच्या आंतून पुटें धरतात. पुटामुळें तांब्याची उष्णता पाण्यांत उतरत नाहीं, नळी अरुंद होऊन धारहि मंदावते, आणि तांबें भलतेंच तापून खटका पडतो. तो काढून टाकला असता तर विझणें थांबलें असतें खरें. पण नळी जळण्याची आणि अंगावर उकळतें पाणी येण्याची वाट मोकळी झाली असती. खरा उपाय, जाणत्या माणसाकडून नळी आंतून धुवून घेणें, गॅसची चावी बेताची ठेवणें व पाण्याची धार मोठी करणें, हा होय.

परंतु ह्याहून गंभीर गोष्ट मला दिसली ती झरोक्यापाशीं. थंडी आंत येऊं नये म्हणून त्यावर पुठ्ठा चिकटविला होता! कोंडलेल्या खोलींत ज्योतीला प्राणवायु पुरत नाहीं. ती पिवळी होते, काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट आसक्तीनें त्याला धरून ठेवतें. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. सिलिंडरच्या गॅसला घातलेला उग्र वास न जळलेल्या गॅसची सूचना देतो. ह्या विषाची नाहीं. डोकें जड होतें, मळमळतें, पायांतील बळ जातें, आणि कडी उघडण्याचेंहि भान राहत नाहीं. ज्योतीवर नजर ठेवणारी कांडी येथें उपयोगाची नाहीं. ज्योत जळतच असते.

म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघरांत नसावाच. तो बाहेर मोकळ्या हवेंत बसवून नळानें कढत पाणी आंत आणावें. स्नानास गेलेलें माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार फोडावें, त्याला उघड्यावर आणावें, गॅस बंद करावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. न जळलेल्या गॅसचा वास आल्यास विजेचें बटण दाबूं नये, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्या, आणि बाहेर येऊन १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें.

मी निघण्यापूर्वीं यजमानांनीं स्वतः तो पुठ्ठा काढला. पुढील आठवड्यांत त्यांचें पत्र आलें: नळी धुतली, गीझर मागच्या पडवींत गेला, खटका मात्र जागच्या जागीं आहे. यंत्र थांबतें तेव्हां तें कांहीं सांगत असतें. त्याचें तोंड बंद करण्यापूर्वीं तें काय सांगतें हें आपण ऐकून घ्यावें.