स्लग निवडताना आधी नळीचा कौल घ्या

हवेच्या बंदुका : भाग 6

मागच्या भागात आपण जिरांडोनी रायफलपाशी थांबलो होतो. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्यात आलेली ही बंदूक दस्त्यात कोंडलेल्या हवेच्या जोरावर शिशाची गोल गोळी फेकत असे. गोल गोळीनंतर कंबर बारीक असलेला छर्रा आला आणि शंभरेक वर्षं हवेच्या बंदुकीचा दारूगोळा म्हणजे छर्राच, असं समीकरण होऊन बसलं. आता ब्रिटन आणि अमेरिकेतले शिकारी स्लगकडे वळत आहेत. कोणता स्लग घ्यावा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्यासाठी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं विवेचन जिथे अशी शिकार कायदेशीर आहे तिथलं आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. छर्‍याच्या बंदुकीनं पाखरू टिपणं ही पोरांची गंमत नाही. 4.5 मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या किंवा 20 जूलहून जास्त ऊर्जेच्या एअर रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाही लागतो. ब्रिटनमधलं चित्र वेगळं आहे. तिथे ससा हे शेताचं मोठं नुकसान करणारं जनावर. 1954 च्या कीड नियंत्रण कायद्यानं आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवण्याची जबाबदारीच शेतकऱ्यावर टाकली आहे. उत्तर अमेरिकेतून आणून सोडलेल्या करड्या खारीनं तिथल्या मूळच्या तांबड्या खारीला हुसकावलं, म्हणून तिचीही शिकार होते. या कामाला एअर रायफल सोयीची, कारण आवाज कमी आणि पल्ला आखूड.

स्लगनं नेमकी या पल्ल्याचीच चौकट बदलली.

छर्रा बॅडमिंटनच्या फुलासारखा उडतो. वजन पुढे, मागे पोकळ घेर. त्या घेराला हवा अडते आणि डोकं आपोआप पुढे राहतं. स्थिरता मिळते, पण तीच हवा वेगही खाते. आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं 2022 मध्ये कैरोत ज्या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, त्या 10 मीटर स्पर्धेत याचा काहीच तोटा नाही. तिथे सपाट डोक्याचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, एवढं पुरे. 60-70 मीटरवर मात्र तोच आकार वाऱ्याच्या हाती सापडतो.

स्लगला कंबर नसते. तो सरळ अंगाचा, शिशाच्या छोट्या बंदुकीच्या गोळीसारखा असतो. हवा कापण्याची त्याची क्षमता चांगल्या छर्‍याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त असू शकते. म्हणजे वेग टिकतो आणि वाऱ्यानं सरकणं कमी होतं. पण मागचा घेर गेला, तसा तोल सांभाळणाराही गेला. आता स्लगला सरळ ठेवतं ते फक्त स्वतःभोवतीचं फिरणं आणि ती फिरकी देतात नळीतले आटे. वुलविचला गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये तोफगोळ्यांसाठी मांडलेलं सूत्र इथेही दिशा दाखवतं : व्यास तोच ठेवून गोळ्याची लांबी दुप्पट केली, तर आट्यांचा एक पूर्ण वेढा निम्म्या अंतरात पुरा व्हायला हवा. वजनदार स्लग म्हणजे लांब स्लग. छर्‍यासाठी बनवलेल्या नळीचा पीळ मंद असेल, तर तो स्लग हवेत डगमगतो आणि मग दुकानदारानं सांगितलेले सगळे आकडे फुकट. काही उत्पादक आता स्लगसाठी जास्त पिळाच्या नळ्या वेगळ्या देतात, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट व्यासाची. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात असं माझं मत आहे. छर्‍याचा मागचा घेर पातळ असतो. हवेच्या दाबानं तो पसरून नळीला चिकटतो, त्यामुळे थोडं कमीजास्त चालून जातं. स्लगचं अंग भरीव, तो असा जुळवून घेत नाही. म्हणून 5.5 मिलिमीटरच्या, म्हणजे .22 च्या एकाच नळीसाठी 0.216, 0.217, 0.218 इंच असे वेगवेगळे स्लग मिळतात. दोन मापांतला फरक एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा, पण नेमावर त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. सैल स्लगच्या बाजूनं हवा निसटते. घट्ट स्लग नळीत घासून वेग गमावतो आणि शिशाचा थर मागे ठेवतो. नळीच्या तोंडाशी चोक असेल, म्हणजे शेवटचा भाग किंचित अरुंद असेल, तर छर्‍याला त्याचा फायदा होतो. स्लगला बहुधा त्रास. रिकाम्या बंदुकीच्या, सुट्या केलेल्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा हलक्या हातानं ढकलून बाहेर काढला आणि मोजला, की खरं माप कळतं. तेवढं केल्याशिवाय डबा घेऊ नये. मॅगझिनचा कप्पाही बघावा. लांब स्लग कित्येक मॅगझिनमध्ये मावतच नाही.

आता ताकद. 12 फूट-पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 16 जूलच्या रायफलला इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांचं बंदूक प्रमाणपत्र लागत नाही. बहुसंख्य लोकांकडे याच रायफली आहेत. त्यात स्लग घालावा का? माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच आहे. हिशोब करून पाहू. 16 ग्रेनचा, म्हणजे साधारण 1.04 ग्रॅमचा छर्रा या ऊर्जेला सेकंदाला 177 मीटर वेगानं सुटतो. 25 ग्रेनचा, 1.62 ग्रॅमचा स्लग त्याच ऊर्जेला फक्त 142 मीटर वेग गाठतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला तरी 40 मीटर जाईपर्यंत छर्रा नळीच्या रेषेखाली 25 सेंटिमीटर येतो, स्लग 39. अंतराचा अंदाज चारदोन मीटरनं चुकला, तर स्लगच्या बाबतीत चुकीची शिक्षा मोठी, आणि ती जनावराला भोगावी लागते. हलके स्लग आता मिळतात, काही नळ्यांना ते मानवतातही. पण या वर्गात चांगला छर्रा हाच प्रामाणिक पर्याय आहे.

प्रमाणपत्रावरच्या रायफलीत मात्र स्लगचं खरं रूप दिसतं. तोच 25 ग्रेनचा स्लग सेकंदाला 274 मीटरनं सुटला की ऊर्जा 61 जूलच्या घरात जाते. या वेगाला पुढे खळगा असलेला स्लग आत शिरल्यावर फुलतो आणि आपली ऊर्जा तिथेच सोडतो. भरीव नाकाचा स्लग सशातून आरपार जाऊन पलीकडे कुठेतरी धावत राहील. म्हणून सशा-खारीसाठी मी खळग्याचाच स्लग निवडेन. कमी वेगाला मात्र तो फुलेलच याची खात्री धरू नये.

या सगळ्याचा निकाल लागतो कागदावर. दोन-तीन व्यासांचे, दोन-तीन वजनांचे नमुने घ्या, नळी स्वच्छ करा, प्रत्येक नमुन्याचे सुरुवातीचे काही बार नळी बसण्यासाठी सोडून द्या आणि मग 50 मीटरवर पाच-पाचचे अनेक गट मारा. एक सुंदर गट योगायोगानंही पडतो. वेगमापक यंत्र असेल तर प्रत्येक बाराचा वेग टिपा. दाब आणि हातोडीच्या स्प्रिंगचा ताण बदलून बघा, कारण छर्‍यासाठी लावलेली बंदूक स्लगला क्वचितच मानवते. सशाचा प्राण एका फटक्यात जाईल अशी जागा डोळा आणि कान यांच्या दरम्यान, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची. गट त्याहून मोठा पडत असेल, तर ते अंतर आपलं नाही. 40 मीटरवर या आणि तिथे पुन्हा तपासा. जखमी ससा बिळात जाऊन तासन्‌तास तडफडतो; तो दिसत नाही म्हणून त्याचा हिशोब चुकत नाही.

शिशाबद्दल एक सांगायलाच हवं. मारलेलं जनावर शेतात सोडलं तर घारी, कोल्हे ते खातात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं. शिकार उचलून न्यावी. खायची असेल तर जखमेभोवतालचं मांस सढळ हातानं कापून टाकावं. कथिलाचे स्लगही मिळतात. पण कथिल शिशाहून बरंच हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनासाठी स्लग आणखी लांब करावा लागतो आणि गाडी पुन्हा नळीच्या पिळापाशी येते.

आणि पाठीमागे काय आहे? छर्रा लवकर दमतो. स्लग दमत नाही, कठीण जमिनीवर उसळून भलतीकडेही जातो. फांदीवरच्या खारीवर, मागे मोकळं आकाश असताना, स्लग झाडूच नये. ससा उतारावर, मागे मऊ मातीचा बांध, एवढं दिसल्यावरच चापावर बोट जावं.

पुढच्या आठवड्यात दुर्बिणीकडे वळू : गोळ्याचा हा खालचा झुकाव काचेतल्या खुणांवर कसा वाचायचा ते पाहू.