पंचेचाळिशीतला जगज्जेता

बॉक्सिंगमधल्या पुनरागमनाचा विषय निघाला की जॉर्ज फोरमनचं नाव येतंच. 1977 मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर गडी धर्मोपदेशक झाला, दहा वर्षं रिंगबाहेर राहिला. 1987 मध्ये परतला तेव्हा अंग सुटलेलं, डोक्याचा तुळतुळीत गोटा; लोक हसले. पण त्यानं घाई केली नाही. किरकोळ प्रतिस्पर्ध्यांशी लढत लढत अंग मोकळं केलं. 1991 मध्ये तेव्हाचा जगज्जेता होलीफिल्डसमोर पूर्ण 12 फेऱ्या टिकला आणि गुणांवर हरला.

मग 5 नोव्हेंबर 1994, लास व्हेगास. समोर 26 वर्षांचा जगज्जेता मायकेल मूरर. नऊ फेऱ्या फोरमन मार खात होता, तिन्ही पंचांच्या गुणांवर मागे. दहाव्या फेरीत एक आखूड, सरळ उजवा ठोसा आणि मूरर आडवा!

पंचेचाळिशीत हे जमलं कसं? वयानं आधी जाते ती चपळाई. ठोशातली ताकद बरीच उशिरा. फोरमनचा खेळ मुळात ताकदीचा. मुहम्मद अलीचा पायांचा आणि नजरेचा. 1980 मध्ये, दोन वर्षांच्या खंडानंतर, 38 वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला आणि दहा फेऱ्यांनंतर त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. (ती चित्रफीत मला अजून पूर्ण बघवत नाही.) शुगर रे लेनर्डनं जवळपास तीन वर्षांनी येऊन हॅगलरला हरवलं खरं, पण तेव्हा तो 30 चाच होता, चाळिशीत कामाचोनं त्याला पाचव्या फेरीत गुंडाळलं.

आणि 2024 ची माइक टायसन आणि यूट्यूबर जेक पॉल यांची लढत? 58 वर्षांचा टायसन, दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या. माझ्या लेखी तो निव्वळ गल्ल्याचा खेळ होता.