कामाची ड्राइव्ह आणि साठवणीची ड्राइव्ह

हाय-डेफिनिशन व्हिडिओचे संपादन चालू असताना हार्ड ड्राइव्हला दर सेकंदाला ठरावीक माहिती न चुकता पुरवावी लागते. ती वेळेत पोचली नाही की टाइमलाइनवरचे चित्र अडखळते आणि फ्रेम्स गळतात. म्हणून एक्स्टर्नल ड्राइव्ह घेताना तिच्यात किती टेराबाइट मावतात याआधी ती सेकंदाला किती मेगाबाइट देऊ शकते हे पाहावे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले असतात ते मात्र टेराबाइटच.

लग्नाच्या शूटिंगचे उदाहरण घेऊ. ॲपलच्या प्रोरेस ४२२ एचक्यू या संपादनाच्या फॉरमॅटमध्ये, सेकंदाला २५ फ्रेम्सच्या फुल एचडी चित्राला सुमारे १८४ मेगाबिट लागतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हे झाले २३ मेगाबाइट; तासाभराच्या फुटेजला साधारण ८३ गिगाबाइट जागा. तीन कॅमेऱ्यांचे फुटेज मल्टिकॅममध्ये एकाच वेळी चालवायचे तर ६९ मेगाबाइट. फोर-के असेल तर एकट्या कॅमेऱ्यालाच ९२ मेगाबाइट हवेत.

खिशात मावणाऱ्या, फिरत्या तबकडीच्या अडीच इंची ड्राइव्हचा वेग सेकंदाला १०० ते १३० मेगाबाइटच्या आसपास असतो. कागदावर तो ६९ ला पुरून उरतो, प्रत्यक्षात पुरतोच असे नाही. तीन फाइली तबकडीवर तीन ठिकाणी असतात आणि वाचणाऱ्या हेडला त्यांच्यात सतत ये-जा करावी लागते. अशा प्रत्येक हालचालीत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढा वेळ काहीच वाचले जात नाही. शिवाय तबकडी साधारणपणे बाहेरच्या कडेकडून आत भरत जाते. आतल्या वर्तुळांचा घेर लहान, म्हणून एका फेरीत माहितीही कमी मिळते. ड्राइव्ह भरत आली की वेग जवळजवळ निम्म्यावर येतो तो यामुळे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची ड्राइव्हचा वेग जास्त असतो, पण तिला वेगळा ॲडॉप्टर लागतो.

स्वस्त ड्राइव्हमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते. जास्त माहिती मावावी म्हणून काही ड्राइव्ह माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. अशा ड्राइव्हवर सलग बरीच माहिती लिहीत राहिले की वेग कोसळतो. या पद्धतीला ‘एसएमआर’ म्हणतात; ही अक्षरे दिसली तर ती ड्राइव्ह साठवणीला ठेवावी, संपादनाला घेऊ नये.

कामासाठी आज एसएसडी हाच योग्य पर्याय आहे. तिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे तीन फाइली एकदम वाचणे तिला जड जात नाही. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या पुढे जाते आणि एचडीसाठी तेवढे भरपूर झाले. स्वस्त एसएसडीचा जाहिरातीतला लिहिण्याचा वेग मात्र बहुधा सुरुवातीच्या काही गिगाबाइटपुरता असतो. आतला कॅश भरला की तो खूप घसरतो. ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्ट हे मोफत सॉफ्टवेअर काही मिनिटे सलग चालवले की खरा वेग कळतो.

चांगली ड्राइव्ह चुकीच्या केबलने वाया जाते. यूएसबी २.० मधून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच जातात. फोनच्या चार्जरबरोबर येणारी टाइप-सी केबल पुष्कळदा याच वेगाची असते, टोक अगदी तसेच दिसत असले तरी. यूएसबी ३.० चे नाव पुढे ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ झाले, वेग ५ गिगाबिटच राहिला. म्हणून नावापेक्षा गिगाबिटचा आकडा वाचावा. एचडीला ५ पुरेत. थंडरबोल्टचा जादा खर्च करण्याचे कारण नाही.

ड्राइव्ह विंडोज आणि मॅक दोन्हींवर लावायची असेल तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी. एनटीएफएसमधली ड्राइव्ह मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

काम संपल्यावर फुटेज एसएसडीवर वर्षानुवर्षे ठेवू नये. वीज न मिळता पडून राहिलेल्या एसएसडीतली माहिती कालांतराने पुसली जाऊ शकते. साठवणीला फिरत्या तबकडीची ड्राइव्हच बरी, आणि तीही एक पुरत नाही. लग्न पुन्हा शूट करता येत नाही, त्यामुळे किमान दोन ड्राइव्हवर प्रती असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या जागी. जपायचे ते कॅमेऱ्यातले मूळ फुटेज आणि प्रोजेक्टची फाइल. प्रोरेसच्या फाइली मुळावरून पुन्हा बनवता येतात. २४ मेगाबिटांचे एव्हीसीएचडी फुटेज तासाला सुमारे ११ गिगाबाइट होते. तीन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले तर मूळ फुटेज २०० गिगाबाइटच्या आत मावते. तेच सगळे प्रोरेसमध्ये बदलले तर दीड टेराबाइट लागतात, म्हणून कामाची एसएसडी २ टेराबाइटची घ्यावी.