चंदेरी चाकांचं दशक

मे २००५ मध्ये स्विफ्ट भारतात आली, त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. त्या सुमाराच्या गाड्यांची अ‍ॅलॉय चाकं पाहिली की जाणवतं, अख्ख्या चाकाला बहुधा एकच चंदेरी रंग असायचा. आज शोरूममध्ये तसं चाक शोधावं लागतं. वरच्या मॉडेलला काळं-रुपेरी डायमंड कट चाक, खालच्या मॉडेलला लोखंडी डिस्क आणि तिच्यावर प्लॅस्टिकची टोपी, अशी सरळ वाटणी झाली आहे. फॅशन बदलली एवढंच, असं म्हणून हा विषय सोडून दिला जातो. पण त्या एकरंगी चाकासोबत गाडीमालकाच्या हातातलं एक काम गेलं. वापरलेली चाकं विकत घ्यायची, घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये घासून-रंगवून पुन्हा नवी करायची, हे काम सामान्य माणसाला जमत होतं. कंपन्यांनी निवडलेल्या एका दिखाऊ फिनिशने ते त्याच्या आवाक्याबाहेर नेलं.

मारुती ८०० आली १९८३च्या डिसेंबरात. तिथपासून पुढची पंधरा वर्षं या बाबतीत सांगण्यासारखी नाहीत. लोखंडी डिस्क, तिला चंदेरी रंगाचा हात, संपला विषय. खरा रंग भरला २००० ते २०१० या दशकात. महाग मॉडेलांवर कंपनीचीच अ‍ॅलॉय चाकं येऊ लागली, हौशी मालक मोठ्या मापाची चाकं बसवून मूळची विकू लागले, अपघातात निकालात निघालेल्या गाड्यांची चाकं कुर्ल्याच्या भंगारबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि नाना पेठेत पोहोचू लागली. नव्या सेटची किंमत डोळे पांढरे करणारी असताना जुना सेट मध्यमवर्गाला परवडत होता. शिवाय स्विफ्ट आणि होंडा सिटी या दोन्ही गाड्यांना चार बोल्टांच्या छिद्रांमधून जाणारं वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचं लागायचं, म्हणून निवडीला वाव होता. फियाट पॅलिओचं वर्तुळ मात्र ९८ मिलिमीटरचं. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि जोर लावला तर बोल्ट आत शिरतातही. पण ते तिरके ताणले जातात आणि सैल होतात. ‘बसतंय ना, मग झालं’ म्हणून असे सेट गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांनी त्या काळात लोकांच्या जिवाशी खेळ केला, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

काम कष्टाचं होतं, अवघड नव्हतं. टायर उतरवून घ्यायचा, बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे काढायचे, ब्रेकची करपलेली धूळ साध्या शाम्पूने धुवायची. इथे बाथरूमचं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरला की घात होतो, कारण अ‍ॅल्युमिनियमला आम्ल आणि अल्कली दोन्ही खातात. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण धातूत रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. मग जाड वॉटर पेपरने जुनं लॅकर आणि फुटपाथला घासून पडलेले ओरखडे काढायचे, खड्ड्यात धातूची पुट्टी भरायची आणि बारीक पेपरने सफाई करायची. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि साधा रंग त्याला धरत नाही, म्हणून आधी एचिंग प्रायमर, त्यावर चंदेरी रंगाचे पातळ हात आणि शेवटी क्लिअर कोट. हबला टेकणारा भाग आणि नट बसतात ती जागा मात्र कोरी ठेवायची. तिथला रंग दाबाने चेपला की नट ढिले पडतात. पावसाळ्यात हे काम काढायचंच नाही, दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. हे सगळं ज्याने केलं, त्याला आपल्या गाडीचं चाक कशाचं बनतं आणि ते कशाने बिघडतं हे कळलं. विकत घेतलेल्या चकाकीतून ते कळत नाही.

घरी चाक दुरुस्त करणं धोक्याचं आहे, हा आक्षेप अर्धा खरा आहे. वाकलेलं किंवा तडा गेलेलं चाक घरी हात लावण्याजोगं नसतंच. अ‍ॅलॉयला मजबुती येते ती उष्णतेच्या प्रक्रियेने, आणि वेल्डिंगच्या तापाने नेमक्या त्याच जागी ती कमी होते. पण ओरखडा आणि तडा यांत फरक आहे, आणि तडा लपवण्याचं पाप घरी काम करणाऱ्याने क्वचितच केलं. तडा पुट्टीने बुजवून, वर रंग मारून ‘रिफर्बिश’ म्हणून विकणारी दुकानं त्याला जास्त जबाबदार होती. स्वतः रंग खरवडणाऱ्याला तडा दिसतो. तयार सेट घेणाऱ्याला दिसत नाही. स्वस्त नव्या चाकांचा पर्यायही तितका निर्धोक नव्हता. बाहेरून येणारी चाकं इतक्या पडेल भावात उतरत होती की सरकारला २०१४ मध्ये तात्पुरतं आणि २०१५ मध्ये पक्कं अँटी-डम्पिंग शुल्क चीन, कोरिया व थायलंडच्या मालावर लावावं लागलं. स्वस्ताईच्या लाटेत नामांकित डिझाइनच्या नकला बेसुमार खपल्या. कंपनीने गाडीसाठीच घडवलेलं जुनं, सरळ, तडा नसलेलं चाक कुठल्याही अनोळखी नकलेपेक्षा भरवशाचं होतं.

डायमंड कटने हा हिशेबच मोडला. या प्रकारात चाक आधी गडद रंगवतात, मग लेथवर दर्शनी भाग तासून धातू उघडा करतात आणि वर पारदर्शक लॅकर देतात. तासलेल्या धारेवर लॅकर पातळ बसतं. एक खडा लागला की पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या अळीसारखी गंजाची रेघ सरकत जाते; कोकणच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. दुरुस्तीला पुन्हा लेथ हवा, आणि प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो, म्हणजे ही दुरुस्तीही मोजक्याच वेळा करता येते. मग सरळ रंगवून टाका, असं कोणी म्हणेल. रंगवता येतं, पण एक चाक रंगवलं तर उरलेली तीन वेगळी दिसतात, म्हणजे एका ओरखड्यापायी चारही चाकं रंगवावी लागतात. त्यापेक्षा मालक नवं चाक मागवतो, आणि सुटे भाग विकणाऱ्याला तेच हवं असतं.

अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येतं, मग जुन्या चाकावर एवढा जीव कशाला, असाही युक्तिवाद आहे. खनिजापासून धातू काढायला जी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम पाच टक्क्यांत भंगार वितळतं हे खरं. पण भट्टीतून निघते ती नुसती धातूची लादी. तिचं चाक व्हायचं तर ओतकाम, उष्णतेची प्रक्रिया, यंत्रकाम, रंग आणि वाहतूक सगळं नव्याने आलं. ओरखडा पडलेल्या धडधाकट चाकाला यातलं रंगाखेरीज काहीच लागत नाही. त्याला पेपर, प्रायमर आणि रंगाचे डबे पुरतात. कंपन्यांना प्रत्येक मॉडेलमध्ये एकरंगी चाकाचा पर्याय देणं मुळीच जड नाही, कारण तासण्याची एक पायरी त्यात कमीच होते. ग्राहकांनी गाडी बुक करतानाच तो मागायला हवा.