लाखो आरशांचा प्रोजेक्टर : पैसे गुंतविण्यापूर्वी हे समजून घ्या

लग्नाचा मांडव असो, क्रिकेटचा सामना असो की शाळेचे स्नेहसंमेलन, मोठा पडदा लावून चित्र दाखविण्याच्या धंद्यात आपले अनेक तरुण उतरले आहेत. मंडप, लाउडस्पीकर आणि रोषणाई भाड्याने देणाऱ्यांनी त्याला प्रोजेक्टरची जोड दिली. आमच्या परिचयाच्या एका डेकोरेटरने असाच एक जुना प्रोजेक्टर खरेदी केला. दुकानात चित्र झकास दिसले. दोन महिन्यांनी पडद्यावर पांढरे ठिपके दिसू लागले. आधी चार, मग चाळीस. मेकॅनिकने लेन्स पुसली, दिवा बदलला, दिव्याचे पैसेही घेतले. ठिपके होते तेथेच राहिले. ऐन लग्नसराईत भाडे परत करण्याची पाळी त्याच्यावर आली.

दोष लेन्समध्ये नव्हता आणि दिव्यातही नव्हता. तो आतल्या आरशांत होता. आत आरसे असतात हेच ना घेणाऱ्याला ठाऊक होते, ना दुरुस्त करणाऱ्याला. ज्या मालात आपण भांडवल घालतो, त्याच्या पोटात काय आहे हे व्यापाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. म्हणून आज या यंत्राची ओळख करून देत आहोत.

केसाहून बारीक आरसा

ज्या प्रोजेक्टरवर ‘डीएलपी’ अशी अक्षरे असतात, त्याच्या आत टपाल तिकिटापेक्षाही लहान चित्रभाग असलेली एक चिप असते. तिच्यावर ॲल्युमिनियमचे लाखो चौकोनी आरसे ओळीने मांडलेले असतात. पडद्यावरच्या एका ठिपक्यासाठी एक आरसा, असा साधा हिशेब आहे. ८०० बाय ६०० ठिपक्यांच्या जुन्या प्रोजेक्टरमध्ये ४ लाख ८० हजार आरसे असतात, तर १०२४ बाय ७६८ च्या यंत्रात ७ लाख ८६ हजारांहून अधिक. सुरुवातीच्या चिपमध्ये एका आरशाची बाजू सुमारे १६ मायक्रॉन होती, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. नव्या चिपमध्ये ती याहूनही कमी आहे.

प्रत्येक आरसा एका बारीक धातूच्या बिजागरीवर बसविलेला असतो. त्याच्या खाली विजेची एक छोटी स्मरणपेटी असते. तिच्यात ‘होय’ आले की आरसा एका बाजूला कलतो आणि दिव्याचा प्रकाश लेन्समधून पडद्यावर जातो. ‘नाही’ आले की तो उलट बाजूला कलतो आणि प्रकाश आतल्या आत काळ्या पृष्ठभागावर पडून विरतो. हा कल दहा-बारा अंशांचा असतो. मधली अवस्था नाही.

मग करडा रंग कसा दिसतो? येथेच खरी युक्ती आहे. आरसा एका सेकंदात हजारो वेळा पालटतो. अर्धा वेळ ‘होय’ आणि अर्धा वेळ ‘नाही’ राहिला, तर आपल्या डोळ्याला तो ठिपका निम्म्या उजेडाचा वाटतो. रंगासाठी दिव्यासमोर लाल, हिरव्या, निळ्या काचांचे एक चाक गरगर फिरते. तिन्ही रंगांची चित्रे एकापाठोपाठ एक पडतात आणि डोळा ती एकत्र करतो. काहींना नजर फिरविताना पडद्यावर क्षणभर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, ते याच चाकामुळे. सिनेमागृहातील मोठ्या यंत्रांत मात्र तीन रंगांसाठी तीन स्वतंत्र चिप असतात.

दहा वर्षांचा चुकलेला रस्ता

हा शोध अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांचा. त्यांनी १९७७ साली कामास सुरुवात केली, तेव्हा कल्पना वेगळी होती. आरसा कमी-जास्त वाकवून कमी-जास्त प्रकाश पाडायचा, असा बेत होता. पण लाखो आरसे सारखेच, अचूक वाकविणे काही साधेना. दहा वर्षे अशी गेली. १९८७ साली त्यांनी तो नाद सोडला आणि आरशाला दोनच जागा ठेवल्या, या बाजूला किंवा त्या बाजूला. काम तेथे सोपे झाले.

पहिली कमाई सिनेमातून झाली नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १९९० साली या आरशांची एकच रांग वापरून विमानाची तिकिटे छापणारे यंत्र बाजारात आले. प्रोजेक्टर आले ते १९९६ साली. जून १९९९ मध्ये अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील नवा चित्रपट काही पडद्यांवर रिळाविना, याच तंत्राने दाखविण्यात आला. २०१५ साली हॉर्नबेक यांना या कामासाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. माल तयार होताच मोठ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत न बसता जे छोटे काम मिळाले ते घेतले, ही गोष्ट आपल्या कारखानदारांनीही ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे २००५ च्या सुमारास उपग्रहाने चित्रपट पाठविण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत रिळे मागे पडली. गावोगाव प्रिंट पाठविण्याचा खर्च वाचला; पण रिळे जोडण्यात आणि कार्बनची ज्योत सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या ऑपरेटरांच्या हुन्नराला किंमत उरली नाही.

तरीही नवे तंत्र सर्वत्रच जिंकते असे नाही. याच आरशांचे मोठे टीव्ही एके काळी अमेरिकेत खूप खपले. पातळ टीव्ही स्वस्त झाले आणि २०१२ साली उरलेल्या शेवटच्या मोठ्या कंपनीनेही ते बनविणे थांबविले.

ठिपके येतात कोठून?

इतक्या वेळा पालटून बिजागरी मोडत नाही काय? चाचण्यांत ती एक लाख कोटींहून अधिक वेळा पालटूनही टिकली आहे. धातूचा थर अतिशय पातळ असल्याने तो जाड पत्र्यासारखा वाकवून वाकवून थकत नाही. आरशाचा खरा शत्रू उष्णता आहे. पंखा मंदावला, जाळीत धूळ बसली किंवा चिपच्या मागची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली की आरसे तापतात आणि एकेक करून आपल्या जागी चिकटून बसतात. ‘होय’ बाजूला अडकला तर पांढरा ठिपका, ‘नाही’ बाजूला अडकला तर काळा. चिप काचेखाली बंद केलेली असते. तिच्यातील आरसा जगातला कोणताही उस्ताद दुरुस्त करू शकत नाही. चिप मात्र बदलता येते. अनेक मॉडेलांत ती डाग न देता, खोबणीत दाबून बसविलेली असते.

खरेदी करताना

१) दुकानात रंगीत चित्र पाहून भुलू नका. अंधार करून, संपूर्ण काळे चित्र लावून अर्धा तास यंत्र चालवा. तापल्यावर पांढरे ठिपके दिसतात का, ते पाहा. मग संपूर्ण पांढरे चित्र लावून काळे ठिपके शोधा.

२) दिव्याचे तास यंत्र सांगते, पण तो आकडा पुन्हा शून्यावर आणता येतो. त्यावर विसंबून भाव ठरवू नका.

३) उजेडाचा आकडा ‘एएनएसआय ल्युमेन’मध्ये विचारा. स्वस्त नव्या यंत्रांच्या खोक्यावर हजारोंचे आकडे छापलेले असतात, ते बहुधा या मापाने मोजलेले नसतात. या स्वस्त यंत्रांपैकी पुष्कळांत आरसे नसतातच, एलसीडीची काच असते.

४) कान लावून ऐका. घरघर किंवा किणकिण येत असेल तर रंगाच्या चाकाचे बेअरिंग गेलेले असू शकते.

५) सौदा ठरण्यापूर्वी त्या मॉडेलची चिप आणि दिवा कितीला पडतो, मिळतो की नाही, याची चौकशी बाजारात करा. यंत्रापेक्षा चिप महाग पडत असेल तर तो माल स्वस्त नव्हे.

कारागिरांसाठी

दुरुस्तीच्या कामाला येथे वाव आहे. जाळ्या व पंखे साफ करणे, पेस्ट बदलणे, चाक आणि चिप बदलणे हे शिकता येण्यासारखे काम आहे. चिपला हात लावताना अंगातील स्थिर वीज जमिनीत सोडणारा पट्टा मनगटाला बांधावा. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये पारा असतो. दिवा फुटला तर खिडक्या उघडून बाहेर जावे. गिऱ्हाइकाला सांगावे की काम संपताच प्लग खेचू नका, पंखा थांबू द्या. ऐंशी टक्के आजार एवढ्याने टळतात असे आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या डेकोरेटर मित्राचा प्रोजेक्टर ज्याने उघडला, त्याने दिव्याऐवजी आधी जाळी पाहिली असती तर ठिपके चारांवर तरी थांबले असते.

सोन्याचांदीच्या कारागिरांनीही या चिपची दखल घ्यावी. अतिनील प्रकाशाने द्रवरूप रेझिन थरावर थर कडक करून दागिन्याचा नमुना बनविणारी यंत्रे आली आहेत. त्यांपैकी काहींत हीच आरशांची चिप प्रकाश पाडते, तर काही स्वस्त यंत्रांत एलसीडी काच असते. तो नमुना साच्यात जाळून त्या जागी धातू ओततात. मेणाचा नमुना हाताने कोरणाऱ्याचे काम त्यामुळे कमी होत आहे. जडाव, घासकाम आणि शेवटचा हात मात्र अजून माणसाचाच आहे. रिळाच्या ऑपरेटरला कोणी आगाऊ सांगितले नव्हते. आपल्याला वेळेवर कळले आहे, तर घरातल्या एका मुलाने तरी हे यंत्र चालविणे शिकून घ्यावे.