न्यूयॉर्कची ‘एअरबीएनबी बंदी’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरं अल्प मुदतीने भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या साइटवर न्यूयॉर्कने बंदी घातली, असं सर्रास सांगितलं जातं. तशी बंदी नाही. ५ सप्टेंबर २०२३ पासून शहराने ‘लोकल लॉ १८’ची अंमलबजावणी सुरू केली आणि सक्तीची झाली ती असं घर भाड्याने देणाऱ्यांची नोंदणी. तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी अख्खा फ्लॅट पाहुण्यांच्या हवाली करून आपण भलतीकडे राहायचं, याला बहुमजली निवासी इमारतींत राज्याच्या कायद्याने २०१० सालीच मनाई केली होती. ती फारशी कोणी मनावर घेत नव्हतं. आता नोंदणी क्रमांक पडताळल्याशिवाय बुकिंग साइटला व्यवहार पुढे नेता येत नाही. नेला तर १,५०० डॉलरपर्यंत दंड. नाक दाबलं की तोंड उघडतं!

‘फ्लॅट माझा, मी कोणालाही देईन’ हाही भ्रमच. नोंदणी मिळते तिथे कायम राहणाऱ्याला. तो भाडेकरू असला तरी चालतो, फक्त भाडेकरारात मनाई नसावी. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटला मात्र ती मिळत नाही. शिवाय इमारतीचा मालक अख्खी इमारतच मनाई-यादीत घालू शकतो. (हा अधिकार आपल्याकडच्या सोसायट्यांना मिळाला, तर वार्षिक सभा पहाटेपर्यंत चालतील.)

घरमालक घरात असला की झालं, असंही नाही. पैसे देणारे पाहुणे एका वेळी दोनच, आणि त्यांना घरभर वावर मोकळा हवा. खोल्यांना किल्लीची कुलपं चालत नाहीत. वरकरणी हा जाच वाटतो, पण त्यामागे आगीची भीती आहे. तिथल्या जुन्या इमारतींत फायर एस्केपचा लोखंडी जिना अनेकदा एकाच खोलीच्या खिडकीबाहेर असतो. त्याच खोलीला कुलूप असेल, तर रात्री धूर भरल्यावर बाकीच्यांनी निघायचं कुठून?

न्यूयॉर्कला मुलीकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी घाबरायचं कारण नाही. फुकट राहणाऱ्या नातलगांसाठी नोंदणी लागत नाही. सलग तीस दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या भाड्यालाही नाही. हडसन नदीपलीकडच्या जर्सी सिटीत मात्र वेगळाच कायदा, २०१९मध्ये मतदारांनीच मंजूर केलेला. तिथे भाडेकरूला अल्प मुदतीचे, पैसे देणारे पाहुणे ठेवताच येत नाहीत.